सर्व्हरदान, महादान

कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने सर्वस्व देऊन टाकण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेसाठी गायी काढल्या त्या म्हाताऱ्या, भाकड, दूध आटलेल्या. पोरगा नचिकेत शेजारीच उभा होता. त्याने बापाला नको तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि त्याची रवानगी थेट यमाकडे झाली. वाजश्रवसाकडे तेव्हा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा, विभाग नव्हता. असता तर त्याच गायी ‘ग्रामीण दुग्धविज्ञान प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हणून फ्लेक्सवर झळकल्या असत्या आणि नचिकेताला पुष्पगुच्छ धरून फोटोत उभं केलं असतं. प्रश्नही मिटला असता, यमाचा त्रासही वाचला असता.

हल्ली गायींची जागा सर्व्हरने घेतली आहे. हिंजवडी काय किंवा ऐरोली काय, कंपनीतल्या सर्व्हरचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. वॉरंटी संपली, घसारा लावून पुस्तकी किंमत शून्यावर आली, की तो अडगळीत. ही अडगळ भंगारात काढायची म्हटली तर २०२२ चे ई-कचरा नियम आडवे येतात. नोंदणीकृत केंद्र शोधा, कागद करा, ते जपून ठेवा. तोच डबा ‘विद्यार्थ्यांना संगणकाची मूलतत्त्वं कळावीत’ म्हणून देऊन टाकला, की कचरा नाहीसा होतो आणि दान उरतं. बरं, कायद्याने सीएसआरसाठी नफ्यातले जे दोन टक्के घालायचे, त्यात हे धरता येत नाही. वस्तूंवर किंमत लावून ती या खर्चात दाखवायची नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच बजावून ठेवलंय. तरीही कंपन्या देतात! याला निष्काम कर्मयोग नाही तर काय म्हणायचं? वार्षिक अहवालाला फोटो लागतो, ही गोष्ट वेगळी.

घेणाराही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तालुक्याच्या कॉलेजाचं नॅककडून मूल्यांकन व्हायचं असतं. नॅकला किती विद्यार्थ्यांमागे किती संगणक, हे सांगावं लागतं. चार सर्व्हर म्हणजे चार संगणक, हा हिशेब टेम्पो यायच्या आधीच मांडून झालेला असतो. एकेका सर्व्हरमध्ये दोन-दोन प्रोसेसर आहेत असं कळल्यावर ‘मग आठ धरता येतील का हो?’ अशी चौकशीही होते. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, कंपनीच्या साहेबांचं ‘डिजिटल भारत’ या विषयावर भाषण, संस्थाचालकांचं साहेबांवर भाषण. फोटो जिओटॅग करून घेतात, कारण नॅकला तसेच लागतात. भविष्यात कुणी शंका काढलीच, तर दान नेमकं कोणत्या अक्षांश-रेखांशावर झालं हे तरी सांगता येईल.

पाहुणे जेवायला गेले की लॅब असिस्टंट खोकं उघडतो. केबल हातात घेतो, भिंतीकडे बघतो, पुन्हा केबलकडे बघतो. एक टोक सर्व्हरच्या मागे जातं. दुसरं टोक डेटा सेंटरच्या रॅकमधल्या वीजपट्टीत जाणारं. भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटशी त्याची सोयरीक जमत नाही.

“सर, ही भिंतीत जाईना.”

“अहो, मग त्यांच्याकडून रॅकही मागवून घ्या.”

“रॅक नाही मिळायचा, सर. तो त्यांनी विकला. लोखंडाला भाव आहे म्हणाले.”

केबलची सोय होते. बटण दाबताच पंखे असे काही घोंगावतात, की शेजारच्या वर्गातलं अर्थशास्त्र बंद पडतं. पडद्यावर अक्षरं सरकतात आणि थांबतात: हार्ड डिस्क सापडत नाही. सापडणार कुठून? ग्राहकांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून कंपनीने डिस्क आधीच काढून नष्ट केल्या. ते योग्यच. पण डिस्क ज्या सरकत्या कप्प्यात बसते ते कप्पेही त्यांच्याबरोबर गेले, आणि सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड ज्याला ठाऊक होता तो माणूस नोकरी सोडून गेला.

समजा, तेही निभावलं. असा जुना सर्व्हर ३००-४०० वॅट सहज ओढतो. चारशे धरले तर दिवसरात्र चालल्यावर महिन्याला २८८ युनिट. चारांचे मिळून ११५२. महावितरणचं बिल पाहून संस्थाचालकांना संगणकशास्त्रातलं पहिलं मूलतत्त्व उमगतं: यंत्र बंद करता येतं. मग चारही सर्व्हर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढतात, लॅबला कुलूप लागतं आणि दारावर पाटी येते, ‘परवानगीशिवाय हात लावू नये’. परवानगी देणारे सर त्या आठवड्यात निवडणूक ड्युटीवर असतात.

यात हळहळण्यासारखं आहे ते असं, की ही यंत्रं शिकवायला खरोखर उत्तम आहेत. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये निम्म्या गोष्टी बोर्डावर झाळून टाकलेल्या असतात. सर्व्हरचं झाकण एका खटक्यासरशी उघडतं आणि सगळं समोर येतं. दोन प्रोसेसर, रांगेने मेमरीच्या पट्ट्या, दोन पॉवर सप्लाय. चालू यंत्रातून एक पॉवर सप्लाय उपटून काढा, यंत्र चालूच राहतं. पोरं एक्सॉर या तार्किक क्रियेचा तक्ता परीक्षेपुरता घोकतात आणि पेपर संपला की विसरतात. तीन डिस्कची रेड-५ रचना करा आणि एक डिस्क भर कामात उपसून घ्या. उरलेल्या दोन डिस्कवरच्या बिट्सचं एक्सॉर करून सर्व्हर गेलेली माहिती पुन्हा उभी करतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला पोरगा तो तक्ता विसरणार नाही. फक्त डिस्क त्याला उपसू द्यायला हवी.

आणि जुन्या यंत्राचं आपल्याला वावडं असण्याचं कारणच नाही. परदेशात वापरून झालेली ‘१४०१’ मॉडेलची यंत्रं आयबीएमने डागडुजी करून वर्षानुवर्षं आपल्याला भाड्याने दिली. पुढे सरकारशी बिनसलं आणि १९७८ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्यांची निदान बिलं तरी यायची. हल्ली जुनं फुकट मिळतं आणि वर सत्कार आपणच करतो. याच आयबीएमचं १६२० हे यंत्र १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आलं. या १६२० च्या पहिल्या मॉडेलला स्वतःची बेरीजही येत नव्हती. बेरजेचा तक्ता मेमरीत भरून ठेवायचा आणि यंत्राने त्यात बघून उत्तर द्यायचं. तक्त्यात दोन आणि दोन पाच लिहा, ते बिनतक्रार पाच सांगे. संगणक विचार करत नाही, सांगितलेलं करतो, हे यापेक्षा सोपं करून कोण शिकवणार? कानपुरात राजारामन आणि महाबला यांच्यासारख्या प्राध्यापकांनी यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिलं, बाहेरच्यांसाठी छोटे अभ्यासक्रम चालवले, आणि देशात प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांची पहिली मोठी फळी तिथून निघाली. त्या यंत्राची ताकद आज तुमच्या मनगटावरच्या घड्याळापुढे काहीच नाही. आपल्या चार सर्व्हरपाशी तिच्या लाखो पट आहे. कमी आहे ती कुलूप उघडायची.

तेव्हा दानशूर कंपन्यांना एक सूचना. सर्व्हर जरूर द्या, पण सोबत भिंतीत जाणारी केबल द्या, कोऱ्या डिस्क द्या, चार स्क्रू ड्रायव्हर द्या आणि शनिवारी येऊन शिकवणारा तुमचा एक इंजिनिअर द्या. शाल आम्ही त्याला घालू. बदल्यात कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी, एवढं लिहून घ्या: ‘हा सर्व्हर विद्यार्थ्यांच्या हातून मोडला तरी चालेल, वसुली होणार नाही.’ ज्या दिवशी हे पत्र मिळेल त्या दिवशी खुशाल मंडप घाला. पण घाई नको. प्रस्ताव आधी व्यवस्थापन समितीपुढे जाईल, समिती तो लेखापरीक्षकांकडे पाठवेल, आणि लेखापरीक्षक विचारतील, मोडायचाच होता तर घेतला कशाला?