मेव्हण्यांची इटली आणि आमची कावनई

युरोपचा प्रवास करून परतलेल्या मनुष्याला स्वदेशातील कोणतीही वस्तू तिच्या स्वतःच्या गुणांवर पाहता येत नाही, हे आमचे मेव्हणे बापूसाहेब यांच्या सहवासात आम्हांस पदोपदी प्रत्ययास येते. इटलीच्या पीमाँत प्रांतातील द्राक्षमळ्यांच्या ज्या टेकड्यांना युनेस्कोने 2014 साली जागतिक वारशाची सनद बहाल केली, त्यांच्यातील बारोलो नामक गावी त्यांनी एक अख्खी दुपार घालविली आणि तेव्हापासून नाशिकची मिसळ त्यांना अंमळ उद्धट व आमचे घर अंमळ सखल वाटू लागले. "डोंगरउतारावर जुने गाव, गावात किल्ला, किल्ल्यातच वाइनचे संग्रहालय! तुमच्या जिल्ह्यात असे एक तरी ठिकाण दाखवा," असे आव्हान त्यांनी भर पंक्तीत दिले, तेव्हा भावाच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढीत असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी "दादाला कावनईस न्या" असा निकाल देऊन प्रकरण दप्तरदाखल केले.

मुंबई-आग्रा रस्त्याने वाडीवऱ्हे मागे टाकून इगतपुरी तालुक्यात आत वळले, की भातखाचरांमधून डोके वर काढलेला कावनईचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावरचा किल्ला मोगलांनी बांधला असे म्हणतात. 1760 साली उदगीरची लढाई झाली, तिच्यानंतरच्या तहात निजामाने तो पेशव्यांच्या हवाली केला. आणि 1818 साली त्र्यंबकगड पडताच तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. म्हणजे हा किल्ला ज्या लढायांमुळे हस्तांतरित झाला त्या सर्व दुसरीकडेच झाल्या, आणि याने केवळ नव्या धन्याचा हुकूम शिरसावंद्य मानण्याचे काम निमूटपणे केले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या मला त्याच्याविषयी जी आत्मीयता वाटते, ती रायगडासारख्या पराक्रमी दुर्गांविषयी वाटण्याची माझी प्राज्ञा नाही.

इटालियन मनुष्य शत्रूच्या भयाने डोंगरावर चढला आणि शत्रू गेल्यावरही उतरण्याचा कंटाळा करून तेथेच राहिला. आमच्याकडे शिबंदी वर आणि गाव पायथ्याशी, हाच शिरस्ता. त्यामुळे गाव पाहून झाल्यावर किल्ला पाहण्यासाठी खडकातील अरुंद घळीतून, लोखंडी शिडीच्या आधाराने, बापूसाहेबांना चढवावे लागले. माथ्यावर कामाक्षी देवीचे लहानसे देऊळ, पाण्याचे तळे आणि पुष्कळ वारा आहे. धाप ओसरल्यावर त्यांनी तेथे बसलेल्या गुराख्याला "बाबा, इथे तळघर कुठे आहे?" असे विचारले. "तळघर न्हाई, तळं हाय," तो म्हणाला, आणि शेरडांकडे पाहू लागला.

खाली कपिलधारा तीर्थ आहे. कपिल महामुनींनी आपली माता देवहूती हिला सांख्यशास्त्राचा उपदेश येथेच केला आणि सिंहस्थाचे मूळ स्थानही हेच, त्र्यंबकेश्वराचा मान मागाहूनचा, असे येथील मंडळी सांगतात. त्र्यंबकेश्वरी हा विषय न काढणे बरे. पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ घातले, तेव्हा बापूसाहेबांनी बारोलोच्या संस्कारास अनुसरून ते प्रथम उजेडाकडे धरले, मग गोल फिरविले, मग डोळे मिटून त्याचा दीर्घ वास घेतला. पुजारी काही क्षण स्तब्ध राहिले आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "शुद्ध आहे हो. घ्या."

मुकणे धरणाच्या बाजूस याच शिवारात द्राक्षमळा व वायनरी आहे, तेथे आम्ही शेवटी गेलो. आमच्या गाडीचा सारथी पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा; त्याने वेलीवरचे ते लहान, जाड सालीचे, बियांनी भरलेले मणी पाहिले आणि त्याच्या मुखावर कीव उमटली. थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचे टपोरे घड परदेशी धाडणाऱ्या घराण्यातल्या त्या मुलाला, वाइनच्या या किरकोळ मण्यांत खाण्याच्या द्राक्षांहून साखर अधिक असते, हे पटेना. "आमच्याकडं असला माल पाखरांना सोडतात, दादा," एवढेच तो म्हणाला. बापूसाहेबांनी बारोलोत सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडा होतो असे सांगताच मात्र तो दचकला, कारण आपल्याकडे त्या सुमारास गोडी छाटणीची कात्री चालत असते आणि तोडा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. तिकडची वेल थंडीत पाने गाळून स्वस्थ झोपते. इकडच्या वेलीची हिवाळी रजा नामंजूर असल्याने तिला एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लावून कामावर रुजू करून घ्यावे लागते.

मग चषक समोर आले. बापूसाहेब रसिकतेवर प्रवचन करण्याच्या बेतात असताना मी त्यांना 1949 च्या दारूबंदी कायद्याची आठवण करून दिली. त्या कायद्यान्वये महाराष्ट्रात मद्य प्राशन करणाऱ्याने परवाना जवळ बाळगावयाचा असतो आणि तो परवाना 'आरोग्याच्या जतनासाठी' दिलेला असतो. आणि त्याच महाराष्ट्राच्या शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया धोरण काढून वाइनला प्रोत्साहनही दिले आहे. तिकडे कलावंत म्हणून प्यालेल्या मनुष्याने इकडे रुग्ण म्हणून प्यावे, हा अपमान त्यांना सहन होईना. सौभाग्यवतींनी एक घोट घेतला, "कोकम बरे" असा शेरा मारला आणि पेला माझ्याकडे सरकविला. परवाना माझ्यापाशी होता.

परतीच्या वाटेवर बापूसाहेबांनी कबूल केले, की डोंगर, गाव, किल्ला, वाइन असा सर्व ऐवज येथे आहे खरा. मात्र बारोलोत तो एका कुटुंबात नांदतो आणि येथे किल्ला इतिहासाच्या, तीर्थ धर्माच्या व वाइन उत्पादन शुल्काच्या खात्यावर मांडलेली असून एका खात्याच्या कारकुनाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नाही. गावात विचारलेल्या एका म्हाताऱ्या आजींना त्या वाइनचा रंगही माहीत नव्हता. इंद्रायणी तांदळाचा भाव विचारताच मात्र त्यांनी आम्हांला ओट्यावर बसवून घेतले. माझ्या मते हा दोष त्या आजींचा खास नाही.

वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास फेब्रुवारीत जावे. तेव्हा घड वेलीवर असतात आणि डोंगर ढगांत नसतो. वाइनसाठी वयाची 21 वर्षे पुरी झालेली असावीत. आधी किल्ला, मग कपिलधारा आणि सर्वांत शेवटी वायनरी हा क्रम मात्र कोणत्याही सबबीवर उलटा करू नये. किल्ल्याची शिडी उभी आहे.