पहिल्या वेळेची सूट

भातकुली तालुक्यातल्या खेड्यातून अमरावतीला कॉलेजात जाणारी पोरगी रोज ठरलेली एसटी धरते. गाडी तीच, थांबा तोच, परतायची वेळही तीच. मागं लागलेल्या पोराला एवढी माहिती भरपूर झाली. तिनं तोंडावर 'नाही' सांगितलं, नंबर ब्लॉक केला, मैत्रिणीकडून निरोप धाडला. तो दुसऱ्या नंबरवरून येतो, तिच्या फोटोखाली काहीबाही लिहितो, संध्याकाळी पुन्हा थांब्यावर हजर. घरी म्हणतात, "कायले जातं बाप्पा ठाण्यात? उद्या पोरीचं लगन कसं होईन?" शेवटी बाप हिंमत करून ठाण्यात जातोच. तिथं ऐकायला मिळतं, पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतो.

पहिली वेळ कशी? पाठलागाच्या कलमातच 'वारंवार' हा शब्द आहे. नकार स्पष्ट दिल्यावरही वारंवार पाठलाग करणं, बोलायचा प्रयत्न करणं, किंवा तिच्या मोबाइल-इंटरनेटवर पाळत ठेवणं, हा गुन्हा. म्हणजे पोरगी ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिच्या हिशेबानं कितवी वेळ असते, हे विचारायलाच नको.

पण ही सूट एकट्या ठाणेदाराची नाही, ती कायद्यातच आहे. निर्भया प्रकरणानंतर 2013 मध्ये भारतीय दंड संहितेत 354-ड आलं. सरकारच्या मसुद्यात हा गुन्हा अजामीनपात्र होता. सर्वपक्षीय बैठक झाली आणि पहिल्या वेळेपुरता तो जामीनपात्र झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेत शरद यादवांनी विचारलं होतं की, आपल्यापैकी मुलींच्या मागं कोण गेलेलं नाही? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, 354-डचं कलम 78 झालं, सूट मात्र जशीच्या तशी राहिली. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि जामीन हक्काचा. दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. त्यात 'दुसऱ्यांदा' म्हणजे दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर. पहिल्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो कितीदाही थांब्यावर उभा राहिला तरी कायद्याच्या लेखी पहिलटकरच.

आपल्या भागात या सुटीची किंमत लोकांनी पाहिली आहे. जुलै 2019 मध्ये अमरावती शहरात, जानेवारी 2020 मध्ये धामणगाव रेल्वेत, मागं लागलेल्या पोरांनी कॉलेजच्या मुलींना भोसकून मारलं. 3 फेब्रुवारी 2020 ला हिंगणघाटात तरुण प्राध्यापिकेवर भर चौकात पेट्रोल टाकलं, आठवड्यानं ती गेली. राज्य हादरलं, मंत्री धावले. तरीही जन्मठेपेचा निकाल यायला 10 फेब्रुवारी 2022 उजाडलं. एवढ्या गाजलेल्या खटल्याला दोन वर्षं लागत असतील, तर पाठलागाच्या साध्या खटल्याचा निकाल लागून 'दुसरी वेळ' उगवणार कधी?

आणि हिंगणघाटानंतर आपण केलं काय? 13 फेब्रुवारी 2020 ला चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयानं टेंभुर्णीच्या शिबिरात विद्यार्थिनींना शपथ दिली: प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. हुंडा घेणाऱ्याशी लग्न करणार नाही, असंही त्यात होतं, ते चांगलंच. पण मारल्या गेलेल्या मुलींनी नकार दिला होता हो! नकार दिला म्हणून त्या गेल्या. शपथ द्यायचीच होती तर पोरांना द्यायची होती, नकार ऐकून घेण्याची. तिकडे मुंबईत महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक आलं, डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही.

म्हणून हातात आहे ते तरी नीट वापरा. पाठलागाची तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवलं नाही तर तीच तक्रार टपालानं वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवा, तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जा. तक्रारीत तारीख, वेळ, गाडी, थांबा, सोबत कोण होतं, सगळं येऊ द्या, आणि 'मी त्याला नाही म्हटलं' हे वाक्य तारखेसकट येऊ द्या, कारण कलम त्याच वाक्यावर उभं आहे. मेसेज पुसू नका. पोरगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोचं कलम 11 लागतं, ते मुद्दाम मागा. वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन लावा. तातडीचं असेल तर 112.

आणि ठाणेदारसाहेब, जामीन हक्काचा आहे म्हणून तुमचे हात बांधलेले नाहीत. शेतीच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांवर तुम्ही चॅप्टर केस करता ना? तीच तरतूद, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126, याही पोरावर वापरता येते. कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभा करा आणि शांतता राखण्याचं बंधपत्र एक वर्षापर्यंतचं घ्या. त्यासाठी राष्ट्रपतींची संमती लागत नाही, दुसरी वेळही लागत नाही.