ना भांडं, ना अन्न

पेस्ट कंट्रोलच्या नोटिशीत माझ्या बादलीसाठी रकाना नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीची ही नोटीस दर वर्षी तीच असते, फक्त तारखेवर पांढरी शाई फिरते. सभासदांनी किचन ट्रॉल्या रिकाम्या कराव्यात, भांडी झाकावीत, अन्नपदार्थ फ्रिजमध्ये ठेवावेत, लहान मुले व पाळीव प्राणी यांना चार तास घराबाहेर न्यावे, मासे असल्यास टाकीचा एअर पंप बंद करून वर ओले फडके घालावे. हे शेवटचं कलम सेक्रेटरीकाकांच्या घरी टाकी आल्यापासून आलं. त्याआधी सोसायटीत मासे बुधवार, शुक्रवार आणि रविवारी यायचे आणि त्यांना एअर पंप लागत नसे.

माझी बादली २० लिटरची आहे. खाली तोटी, वर घट्ट झाकण, झाकणाला भोक आणि भोकात पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. ही वस्तू घरी बिअर करणाऱ्यांसाठी बनवलेली आहे, हे मी लपवत नाही. खोक्यावर तसं चित्रच होतं आणि ते खोकं वॉचमनने दोन दिवस गेटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. मी त्यात आल्याचं फसफसतं पेय करते. आपल्याकडचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे आणि तो अजून हयात आहे. महाराष्ट्रात दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो, मग घरी गाळायची गोष्ट कशाला. म्हणून आलं जरा रंगात आलं की मी ते बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये कोंबते. त्याला पुढचे विचार सुचायच्या आत.

दुसरा सभासद म्हणजे ४ लिटरची काचेची बरणी. तिच्यात कोंबुचा. गोड चहावर जिवाणू आणि यीस्ट मिळून एक जाड थर धरतात, नीर डोशाएवढा पांढरट. सासूबाई त्याला ‘तुझं ते कातडं’ म्हणतात.

सासूबाईंची लोणच्याची बरणीही आंबलेल्या वस्तूंचीच, पण तिला रकाना आहे. पेस्ट कंट्रोलच्या आदल्या रात्री ती दादरा बांधून, दोन्ही हातांत धरून, समोरच्या काकूंकडे पाठवली जाते. सोबत निरोप जातो, ‘ओला हात लावू नका.’ काकूंकडची फवारणी आमच्या दुसऱ्या दिवशी असते, तेव्हा त्यांची बरणी आमच्याकडे येते. राजदूतांची अदलाबदल इतक्या इतमामाने होत नसेल. मी माझी बादली पुढे केली तेव्हा काकू म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे हे असतात ना घरी.” काकांपासून बादलीला धोका की बादलीपासून काकांना, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

तेव्हा संरक्षणाची व्यवस्था माझी मलाच करावी लागते. फवाऱ्याने यीस्ट मरत नाही. ते औषध किड्यांच्या मज्जातंतूंवर चालतं आणि यीस्टला मज्जातंतू नाहीत, या बाबतीत ते आमच्या मॅनेजिंग कमिटीसारखं आहे. प्रश्न आहे तो औषध आत जाण्याचा. खिडक्या बंद, पंखे बंद, घर तापतं. चार तासांनी आपण येऊन सगळं उघडतो, बादली गार होते, आतली हवा आकसते आणि त्या वाकड्या नळीतून खोलीतली हवा, वर नळीतलं पाणी, आत ओढलं जातं. म्हणजे माणसं सुरक्षित घरी परतण्याचा जो मुहूर्त, तोच बादलीने श्वास घेण्याचा. नळी काढून बूच मारावं, तर आलं वायू सोडतच असतं आणि झाकण पुरीसारखं फुगतं. म्हणून बादली रिकामी करायची, धुवायची, कोरडी करून दोन मोठ्या पिशव्यांत घालायची आणि तोंडाला टेप लावायचा. रबराच्या नळ्या आणि बुचं वास धरून ठेवतात, ती वेगळ्या डब्यात. काचेचा हायड्रोमीटर, ज्याने रसातली साखर किती उरली ते कळतं, तो सर्वांत नाजूक. तो मी माळ्यावर सर्वांत सुरक्षित जागी ठेवताना फोडला.

बाटल्या तपकिरी, बिअरच्याच. प्रकाश आत जात नाही म्हणून. मरोळ गावठाणातल्या माझ्या ईस्ट इंडियन मैत्रिणीकडे अशाच बाटल्यांत वर्षाचा मसाला ठासून भरलेला असतो, त्याचं नावच बॉटल मसाला. तिच्याकडे या बाटल्या खानदानी ठरतात. मी त्या रद्दीवाल्याकडून विकत घेते. बिअरच्या रिकाम्या बाटल्या विकणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या, घेणारी मी पहिलीच. तेव्हापासून तो मला रद्दीला किलोमागे रुपया जास्त देतो, बहुधा सहानुभूतीने.

ठरल्या रविवारी पाठीवर पंप घेतलेला मुलगा येतो.

“यात काय औषध आहे?”

“हर्बल आहे मॅडम.”

“मग मुलांना बाहेर का न्यायचं?”

“सेफ्टीसाठी.”

हर्बल हा शब्द अगदीच निराधार नाही. या औषधांच्या घराण्याचा मूळ पुरुष शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून निघाला, पुढची पिढी कारखान्यात जन्मली. आजोबांचं नाव सांगून नातू खपवण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. मी चिलटांचं विचारलं. माझा खरा शत्रू चिलट. आंबट वासावर येतं, पायाला व्हिनेगरचे जिवाणू घेऊन येतं आणि आख्खा घाणा आंबट करून जातं. मुलगा म्हणाला, “चिलटं पॅकेजमध्ये येत नाहीत. ढेकूण वेगळे, वाळवी वेगळी. चिलटं नाहीतच.”

झुरळं मात्र पॅकेजमध्ये येतात आणि जातही नाहीत. स्वयंपाकघरातलं ते लहान, तपकिरी, जर्मन म्हणवणारं झुरळ अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन हिंडतं. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी, आणि तिच्यावर फवाऱ्याची मात्रा चालत नाही. म्हणून १५ दिवसांनी दुसरी सर्व्हिस. बिजागऱ्यांशी जेलचे ठिपके लावतात, पण त्यातही मेख आहे. गोड आमिषाला न भुलणारी झुरळं निघाली आहेत. ग्लुकोजच जिभेला नको, असा बदल त्यांच्यात झाल्याचं अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालं. आमच्या विंगमधले तीन काका इतकी वर्षं डॉक्टरांच्या धाकाने जे करू शकले नाहीत, ते झुरळांनी बिनबोभाट करून दाखवलं. उलट आंबलेल्या पेयाचा वास त्यांना आवडतो. बिअरमध्ये भिजवलेला पाव बरणीत ठेवून झुरळं पकडायची युक्ती जुनी आहे. दुर्दैवाने हे मी जेवताना बोलून गेले. त्या दिवसापासून सोसायटीतल्या झुरळांचं उगमस्थान म्हणजे मी. डक्ट, न्हाणीचा ट्रॅप आणि तळमजल्यावरचं फरसाणचं दुकान यांची चौकशी थांबली आहे.

बादली पिशवीत मावते. बरणीचं काय? कोंबुचाला हवा लागते, म्हणून तोंडावर झाकण नसतं, नुसतं फडकं असतं. फवाऱ्याखाली फडकं म्हणजे चाळणीने पाऊस अडवणं. फ्रिजमध्ये शेल्फची उंची पुरत नाही. मी माशांचं कलम दाखवून टाकीशेजारी जागा मागितली, तर सेक्रेटरीकाका म्हणाले, “मासे सजीव आहेत.” बरणीत त्या क्षणी सोसायटीच्या सभासदसंख्येपेक्षा कितीतरी जास्त सजीव होते, पण त्यांच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही.

तेव्हा बरणी घेऊन मी बहिणीकडे घाटकोपरला निघाले. रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. महिलांच्या डब्यात बरणी मांडीवर. समोरचीने पाहिलं, शेजारचीने पाहिलं, मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“डॉक्टरकडे नेताय का?” एकीने हळूच विचारलं.

“नाही, बहिणीकडे.”

“काढलं का?” दुसरी म्हणाली.

मी म्हटलं, चहा आहे. यावर कुणी बोललं नाही. फक्त चौथ्या सीटवर टेकलेली बाई उठली आणि मला मोकळं बसायला मिळालं, जे त्या मार्गावर गरोदर असतानाही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी परत आले तेव्हा फरशीवर चार झुरळं उताणी होती आणि सासूबाई ती मोजून घेत होत्या. लोणच्याची बरणी काकूंकडून परत आली होती, दादऱ्याची गाठ तशीच. माझ्या बादलीच्या पिशवीचा टेप अर्धा सुटलेला होता. कामाच्या बाईने आत लादी पुसायचं फडकं ठेवलं होतं, औषध लागू नये म्हणून. मी पिशवी उघडली. तोटीच्या तोंडाशी एक झुरळ बसलं होतं. जिवंत, मिशा हलवत. अख्ख्या घरातली एकमेव सुरक्षित जागा मी बांधून दिली होती आणि ती त्याने शोधली होती.

दुसरी सर्व्हिस येत्या रविवारी आहे. बहिणीच्या सोसायटीतही त्याच दिवशी आहे. भांडुप, कांजूर किंवा विक्रोळीत कुणाच्या ओट्यावर चार तास जागा असेल तर कृपया कळवावं. बरणी शांत आहे, तिला काही लागत नाही. फक्त झाकण लावू नका.