डाव्या हाताला मालवण

आमच्या साडूभाऊंना मोठ्या वस्तूंची आवड आहे. टीव्ही एवढा, की तो लावायला भिंत बदलावी लागली. गाडी एवढी, की ती फाटकातून आत शिरताना सोसायटीचा वॉचमन डोळे मिटून घेतो. तेव्हा समुद्र बघायचा तर तोही मोठ्या जहाजातून, हे त्यांनी परस्पर ठरवलं आणि चौघांची तिकिटंही काढून टाकली. मुंबईहून क्रूझने गोव्याला जायचं आणि परतताना, माझं आजोळ तिथलं म्हणून, रस्त्याने मालवण. "आधी आपला श्रीमंती समुद्र, मग तुमचा तो घरगुती," असं ते म्हणाले. मी काही बोललो नाही. पैसे त्यांनी भरले होते.

बॅलार्ड पिअरवर सामान एका पट्ट्यावर गेलं आणि आम्ही एका रांगेत. आधार कार्ड दाखवून झालं, फोटो झाला, आणि गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळालं. खोली त्यानेच उघडायची आणि बिलही त्याच्यावरच चढायचं. या कार्डाचा मोठा गुण असा, की पैसे गेल्याचं दुःख रोज थोडं थोडं होत नाही, शेवटच्या सकाळी एकरकमी होतं.

खोलीत गेल्यावर साडूभाऊंनी पहिल्यांदा पडदा सरकवला. मागे भिंत होती. स्वस्तातली आतली खोली घेतली की खिडकी मिळत नाही, पण खिडकी असल्याचा मान राखायला पडदा मिळतो. साडूभाऊंनी तो पुन्हा नीट लावून घेतला आणि "रात्री उजेड येत नाही, झोप चांगली लागेल," असं मेहुणीला समजावलं.

समुद्र बघायला मग वरच्या डेकवर जायचं. तिथे मधोमध पोहण्याचा तलाव होता आणि चारी बाजूंना अरबी समुद्र. झाडून सगळी माणसं तलावाकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून बसली होती. मोठ्या आवाजात गाणी चालली होती, एक तरुण मुलगी माईकवरून सगळ्यांना हात वर करायला सांगत होती आणि मुलुंडचे एक आजोबा ते निष्ठेने करत होते. जहाज हलतंय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख बसवलेले असतात, ते डुलणं आवरून धरतात. थोडक्यात, समुद्रावर आहोत हे प्रवाशाला कळू नये, याचीच तजवीज.

रात्री बुफे. चायनीज झालं, इटालियन झालं, जैन काउंटर झाला, पावभाजीला रांग होती. मासा मात्र एकच, बासा. आता बासा हा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा, तळ्यात वाढवलेला मासा. तो गोठून, बोटीत बसून, एवढा प्रवास करून आमच्या ताटात आला होता. आणि आमच्या पायाखाली, आठ-नऊ मजले सोडले की, बांगड्यांची आणि सुरमईची अख्खी वस्ती. मी आचाऱ्याला बांगड्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सर, वास येतो."

त्यानंतर मी रिसेप्शनवर गेलो आणि सिंधुदुर्ग किती वाजता येईल, असं विचारलं. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं, गोड हसली आणि म्हणाली, "सर, ते कुठल्या डेकवर आहे?"

सिंधुदुर्ग कुठे आहे, हे त्या जहाजावर एका माणसाला नक्की ठाऊक होतं. तो आमच्या खोल्या झाडणारा मुलगा. आम्ही जेवायला गेलो की तो टॉवेलची घडी घालून पलंगावर कधी हत्ती, कधी माकड करून ठेवी. माझ्या बोलण्यातला हेल त्याने ओळखला. देवगड तालुक्यातला निघाला. पहाटे झोप येईना म्हणून मी डेकवर गेलो, तर तो खुर्च्या पुसत होता. अंधारात दूरवर मच्छीमारांच्या बोटींचे दिवे होते आणि त्यांच्या मागे किनाऱ्याचा बारीकसा उजेड. "तां बघा, डाव्या हाताक, मालवण," तो म्हणाला. "आमचा घर मगाशीच गेला. दर फेरेक घरासमोरसून जातंय, पण उतरूक गावणा नाय." मग त्याने पुढची खुर्ची पुसायला घेतली. साडूभाऊ तेव्हा झोपेत होते. पडद्याचा उपयोग झाला होता.

एवढं मोठं जहाज मालवणला का थांबत नाही, याचं खरं उत्तर ३५० वर्षांहून जुनं आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कामाला हात घातला, तो जागा बघून. भोवती पाण्याखाली खडकांचं जाळं. वाट माहीत असलेल्या माणसाची होडी आत येते, बाहेरच्याचं मोठं गलबत तळ फाडून घेतं. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांना लांब ठेवायला केलेली ही योजना इतकी पक्की आहे, की आजही झुंबा आणि बुफे घेऊन जाणारं जहाज मुकाट्याने दुरून निघून जातं. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आगबोटींच्या काळात मात्र मालवण हे थांबण्याचं बंदर होतं. माझी आत्या भाऊच्या धक्क्यावरून बसायची. वळकटी डेकवर पसरली की ती तिची खोली. शेजारी कुणाची ट्रंक, कुणाच्या कोंबड्या, कुणाचं तान्हं पोर. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत आगबोट मालवणला यायची, पण खडकांमुळे लांबच उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेने पडाव वर आला की खलाशी ओरडायचा, आणि त्या एका क्षणात ट्रंक, पोर आणि आत्या अशा क्रमाने खाली उतरायचं. आज परदेशी क्रूझवाले जहाज बाहेर उभं करून प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो छापतात. आत्याने हे सगळं लोअर डेकच्या तिकिटात केलं होतं, वर तिला बोट लागायची ती वेगळी. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची क्रूझ सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा पडाव येणार. नाव तर झकास होतं. कान्होजी आंग्र्यांचं, शिवाय विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार आहे, त्याचंही तेच. खोल्या १०४. पण तीही मालवणसमोरून रात्रीच जायची, आणि पुढे तीही बंद पडली.

गोव्याहून आम्ही मालवण गाठलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवबागला गेलो. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एक अरुंद पट्टी. होडीवाल्या बाप-लेकांशी मी बोलून ठेवलं होतं. साडूभाऊ पांढरे बूट घालून आले आणि त्यांनी चढायची जागा कुठे, असं विचारलं.

"पाण्यात येवा," होडीवाला म्हणाला.

"पँट भिजेल."

"सुकतली."

तर इथे आधार कार्ड नाही, फोटो नाही, कार्डही नाही. बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यात जायचं, काठावर पोट टेकवायचं, आणि मागून कुणीतरी ढकलायचं. साडूभाऊंना दोघांनी ढकललं. क्रूझवर निघण्याआधी भोंगे वाजवून, सगळ्यांना एका जागी जमवून सुरक्षेचा तास घेतला होता. इथे बापाने आम्हाला जाकिटं दिली, स्वतः बंद ओढून पाहिले आणि एवढंच सांगितलं, "हलू नकात."

साडूभाऊंनी मग जागेची चौकशी सुरू केली. पंखा? वारा होता. वॉशरूम? होडीवाल्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं, तो आता बराच लांब गेला होता. प्यायला काही? मुलाने शहाळं पुढे केलं. कोयतीचे तीन घाव घालून तोंड उघडलेलं ते शहाळं दोन्ही हातांत धरल्यावर साडूभाऊंना कठड्याला धरायला हातच उरला नाही, आणि नेमका तेव्हाच संगम आला.

कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे नदीचं पाणी बाहेर निघालेलं असतं आणि लाट आत येत असते. दोघीही मागे हटत नाहीत. मधल्या माणसाने काय करायचं, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुणालाही विचारा. होडीचं नाक वर गेलं, आपटलं, पुन्हा वर गेलं. अर्धं शहाळं साडूभाऊंच्या सदऱ्यावर आणि अर्धं माझ्या बायकोच्या पदरावर सांडलं. होडीवाल्याने इंजिन कमी-जास्त करत, लाटेला तिरकं घेत होडी बाहेर काढली. त्याच्या हातात सुकाणू होतं आणि नजर आमच्यावर नव्हती, पाण्यावर होती. मला तर तो त्या मोठ्या जहाजाच्या कप्तानापेक्षा भरवशाचा वाटला. एक तर तो दिसत होता.

"डॉल्फिन किती वाजता?" सदरा पिळत साडूभाऊंनी विचारलं. क्रूझवरचा शो आठच्या ठोक्याला सुरू झाला होता.

"तेंचा काय टायमटेबल नाय," मुलगा म्हणाला.

इंजिन बंद केलं. आम्ही बसून राहिलो. साडूभाऊ मोबाइल रोखून डावीकडे बघत होते. अर्थातच उजवीकडे पाणी फुटलं आणि एक राखी पाठ वर येऊन गेली, तिच्यामागे दुसरी. हे या किनाऱ्यावरचे पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन. फार उड्या मारत नाहीत, कुणासाठी तर नाहीच. साडूभाऊ वळले, मोबाइल खाली घातला आणि "अगं आई!" एवढंच म्हणाले. दोन डेकचं जेवण, जादूचे प्रयोग आणि नाचगाणी यांवर त्या माणसाच्या तोंडून असा शब्द निघालेला मी ऐकला नव्हता.

परतताना त्सुनामी आयलंडवर उतरलो. नदीच्या मुखातला वाळूचा पट्टा, २००४च्या त्सुनामीनंतर वर आला असं इथले लोक सांगतात. भरती चढली की तो पाण्यात जातो. तिथे उभं राहून भजी खाताना साडूभाऊंनी मला जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझपैकी एकीची माहिती दिली, कारण सवय एकदम जात नाही. 'आयकॉन ऑफ द सीज', २०२४ साली निघाली, २० डेक, ७ पोहण्याचे तलाव, सगळे पलंग भरले तर ७,६०० प्रवासी. मी मनात हिशोब केला. हे सगळे एका सकाळी मालवणच्या जेटीवर उतरले आणि किल्ला बघायचा म्हणाले, तर वीस-वीस जणांच्या होडीला ३८० फेऱ्या. शेवटचा माणूस पोचेपर्यंत पहिल्याची सुट्टी संपेल. सोलकढी तर पहिल्या तासातच.

पण क्रूझच्या धंद्यात एक गंमत आहे, ती साडूभाऊंनीच सांगितली. जहाज जेवढं लहान, तेवढं तिकीट महाग. शे-दोनशे प्रवाशांची जहाजं अंटार्क्टिकाला किंवा गॅलापागोसला नेतात आणि त्यांचे भाव ऐकून मोठ्या क्रूझवाल्यालाही घाम फुटतो. कारण तिथे गर्दी नसते, जहाज चिंचोळ्या खाडीत शिरतं, कप्तान ओळखीने बोलतो आणि जनावर दिसलं तर जहाज थांबवतो. हे सगळं ऐकून मी होडीकडे पाहिलं. प्रवासी चार, खलाशी दोन. खाडीत शिरली होती, डॉल्फिनसाठी थांबली होती, कप्तान तर इतका ओळखीचा झाला होता की त्याने माझ्या आजोळचं घर कुठलं ते विचारून घेतलं. जगाच्या या हिशोबाने देवबागची होडी ही सगळ्यात आलिशान क्रूझ ठरते. आणि आपण तिच्या भाड्यात पन्नास रुपये कमी करायला सांगतो.

दुपारी किल्ल्यावर गेलो. मालवण जेटीवरून होडीने थोडक्यात पोचतो. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटाला वळसे देऊन तो लपवला आहे. आत ४८ एकरांचं बेट आणि राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेलं शिवरायांचं मंदिर. शिवाय दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधल्या विहिरींना गोडं. क्रूझवर साध्या पाण्याची बाटलीही कार्डावर चढली होती. साडूभाऊंनी तिन्ही नावं दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे बेव्हरेज पॅकेज बरं आहे."

माझा निकाल असा आहे. झोपायचं असेल, उन्हाचा त्रास असेल, घरातल्या थोरांचे गुडघे दुखत असतील, तर क्रूझने जा. त्यात लाज वाटायचं कारण नाही, पडदाही मिळतो. समुद्र बघायचा असेल तर देवबागला जाऊन होडीत बसा. फक्त मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जाऊ नका. तेव्हा या होड्या बंद असतात आणि "एकच फेरी मारा ना, दुप्पट देतो," असं म्हणून होडीवाल्याला गळ घालू नका. अशाच पावसाळ्यात, १७ जुलै १९४७ रोजी, 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्यामुळे पावसाळा सरल्यावर या, जाकिटाला कालच्या प्रवाशाच्या घामाचा वास आला तरी ते अंगात घाला, आणि पांढरे बूट घरी ठेवा.