भिक्षेचे व्यवस्थापन

दत्तसंप्रदायातील प्रचलित श्रद्धेनुसार दत्तात्रेय काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहूरगडी निद्रा असा नित्यक्रम पाळतात. माहुरातील सेवाभावी संस्थेच्या व्यवस्थापकास मात्र भिक्षेसाठी मुंबई गाठावी लागते आणि निद्रेची तरतूद अंदाजपत्रकात नसते. त्याची सकाळ ‘सीएसआर’च्या, म्हणजे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातलेल्या 2 टक्के नफा समाजकार्यावर खर्चण्याच्या बंधनाच्या, आराधनेत जाते, दुपार ‘बदल अहवालात’, कारण विश्वस्त निवर्तला तरी त्याचे निवर्तणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. परदेशी देणगी त्याविषयीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनुसार आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरते, आणि तिच्यातील जेमतेम 20 टक्केच प्रशासनावर खर्चता येत असल्याने हे सारे कागद रंगवणाऱ्या कारकुनास ‘लाभार्थी’ दाखवावे काय, हा प्रश्न (तसे दाखवणे खोटेही नव्हे) सायंकाळपर्यंत पुरतो. दरम्यान कोलाम पोडावर, म्हणजे त्या आदिवासी जमातीच्या वस्तीवर, घोंगड्या पोहोचलेल्या असतात. वाटप तेवढे देणगीदाराच्या नावाचा फलक नांदेडहून येईपर्यंत थांबलेले असते.