दादा, उडी मारून बघ ना

हौशी नट, हौशी कवी आणि हौशी ज्योतिषी यांना महाराष्ट्राने कधी वाऱ्यावर सोडलं नाही. नटाला राज्य नाट्य स्पर्धा आहे, कवीला दिवाळी अंक आहेत, ज्योतिष्याकडे तर गिऱ्हाईक चपला झिजवत येतं. हौशी गेमकार मात्र अजून कोणाच्या खिजगणतीत नाही. तो दिवसा हिंजवडीत बसून कुठल्याशा परदेशी विमा कंपनीचे हप्ते संगणकाला समजावून सांगतो आणि रात्री घरातली माणसं आडवी झाली की एका नव्या जगाचा ब्रह्मदेव होतो. सकाळी पुन्हा बस पकडायची असते, म्हणून त्याच्या सृष्टीत सहसा झाडं होतात, ढग होतात, आणि माणसांची पाळी यायच्या आत पहाट होते.

असा एक नमुना आमच्या घराण्यात आहे. नात्याने माझा मामेभाऊ. नाव सांगत नाही, कारण त्याच्या ऑफिसात अजून कोणाला पत्ता नाही.

घरच्यांना पत्ता आहे, पण अर्धवट. मामी पाहुण्यांना सांगते, "काय करणार, रात्र रात्र गेम खेळत बसतो." तो दुखावतो. "आई, खेळत नाही गं, बनवतो." त्यावर मामी म्हणते, "म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांनाही नादी लावतोस!" खरं सांगायचं तर बिचारा मजेसाठी गेम खेळतच नाही. बनवायला लागल्यापासून त्याला खेळायला वेळ मिळालेला नाही.

गेम बनवायची सुरुवात कशाने होते असं तुम्हाला वाटतं? आधी कंपनीचं नाव ठरतं. मग बोधचिन्ह. मग पहिला पडदा: 'खेळा', 'सेटिंग', 'श्रेय', 'बाहेर पडा'. सेटिंगमध्ये आवाज कमीजास्त करायची पट्टी असते, आणि संगीताची, पावलांची, वाऱ्याची अशी प्रत्येकाची वेगळी. 'श्रेय' दाबलं की याचंच नाव कथा, चित्रं, संगीत, दिग्दर्शन आणि निर्मिती अशा ओळींनी खालून वर सरकत जातं, शेवटी 'विशेष आभार: आई'. मामीने ते पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. मग तिने 'खेळा' दाबलं. काहीच झालं नाही. "ते अजून जोडलेलं नाही," तो म्हणाला. नमनाला घडाभर तेल हे आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. याच्याकडे तेलाचा घाणाच आहे.

त्याचा जन्माचा संकल्प शिवकालीन आहे. सगळा सह्याद्री, सगळे गड, ऋतू बदलतील, पावसाळ्यात नद्या फुगतील, गडकऱ्याशी तुम्ही नीट बोललात तर तो चोरवाट दाखवेल. वहीत घोड्यांच्या वंशावळी आहेत, कुठल्या घोडीला कुठल्या रंगाचं शिंगरू होईल याचं कोष्टक आहे. प्रत्यक्षातला घोडा अजून चालायला लागलेला नाही. पुढची कळ दाबली की तो मागे सरकतो, तेही पाय न हलवता. हा गेम गेली काही वर्षं 'पुढच्या दिवाळीला' येतो आहे.

म्हणून त्याला नुसता आरंभशूर म्हणावं, तर तेही जमत नाही. गेल्या गणपतीत तो फोन घेऊन माझ्याकडे आला. पडद्यावर एक तट, तटावर बोटभर मावळा, मध्ये एक खिंडार. "दादा, उडी मारून बघ ना." मी मारली आणि मावळा खिंडारात पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. गंमत म्हणजे हा पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्या अंगठ्याकडे बघत होता. "तू काठ सोडल्यावर दाबतोयस," तो म्हणाला. मी म्हटलं, मुळीच नाही, काठावरच दाबलं. "सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला, एक आकडा बदलला आणि फोन परत हातात दिला. या वेळी मावळा पार गेला.

मग त्याने समजावलं. कार्टूनमधला तो कायोटी कड्यावरून पळत पुढे जातो आणि खाली पाहीपर्यंत पडत नाही, आठवतं? त्याच्याच नावाने या युक्तीला कायोटी टाइम म्हणतात. मावळ्याने काठ सोडल्यावरही साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा तो जमिनीवरच आहे असं गेमने मानायचं. कारण माणूस उशिरा दाबतो आणि दोष गेमला देतो. उलटही करायचं असतं: जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी कोणी उतावीळपणे कळ दाबली, तर ते दाबणं लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडवायचं. कळ दाबून धरली तर उडी उंच, चटकन सोडली तर बुटकी. आणि वर जातानाच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा खाली येतानाचं जास्त, नाहीतर मावळा फुग्यासारखा तरंगत उतरतो. न्यूटनला हे चाललं नसतं, पण अंगठ्याला तेच खरं वाटतं. या चार आकड्यांवर त्याने आख्खा गणेशोत्सव घालवला. मांडवात आरतीला आला तोसुद्धा वरून पडणाऱ्या फुलांचा वेग बघत. माझा चहा गार झाला तरी मी उड्या मारत होतो. शेवटची उडी काय सुरेख झाली म्हणून सांगू! का सुरेख, ते मला सांगता येईना. तो नुसता हसला.

या एका गोष्टीवर मी त्याला शंभर वंशावळी माफ केल्या आहेत.

हत्यारं बदलणं हा या जातीचा दुसरा रोग. सुरुवात गेममेकरने झाली. मार्क ओव्हरमार्स नावाच्या डच प्राध्यापकाने १९९९ साली बाहेर आणलेलं हे साधन. प्रोग्रॅमिंग न येणाराही चित्रं ओढून, जागेवर सोडून गेम मांडू शकतो. 'स्पेलंकी' त्यावरच झाला, 'अंडरटेल' त्यावरच झाला, हे तो संतचरित्र सांगावं तशा आवाजात सांगतो. मग कोणीतरी म्हणालं, युनिटी शिक, पुनश्च हरिओम. २०२३च्या सप्टेंबरात युनिटीने जाहीर केलं, की यापुढे गेम जितक्यांनी आपल्या यंत्रावर उतरवून घेतला, तितक्या वेळचे पैसे आम्हाला द्यायचे. जगभरचे गेमकार खवळले, हाही खवळला. रात्रभर फेऱ्या मारत होता. आकारणी नीट वाचली तर फुकट आवृत्ती वापरणाऱ्याला ती लागू व्हायला वर्षाची दोन लाख डॉलर कमाई हवी, शिवाय गेम दोन लाख वेळा उतरवलेला हवा. याचा गेम तोवर मामीच्या, माझ्या आणि त्याच्या बायकोच्या फोनवर उतरला होता, आणि बायकोने जागा कमी पडते म्हणून काढूनही टाकला होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व! वर्षभराने कंपनीने आकारणी मागे घेतली, तोवर हा गोदोवर गेला होता.

गोदो हे अर्जेंटिनातल्या दोघांनी उभं केलेलं आणि २०१४पासून सर्वांना मोकळं केलेलं साधन. नाव बेकेटच्या नाटकावरून. आमच्या मामांनी तरुणपणी प्रायोगिक रंगभूमीवर थोडी झाडलोट केली आहे. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "कोणाच्या भरवशावर आहेस म्हणालास? गोदोच्या?" आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं.

आता खरं आश्चर्य. जो माणूस वर्षानुवर्षं एक घोडा चालवू शकत नाही, तोच माणूस एका शनिवार-रविवारात आख्खा गेम पुरा करतो. त्यासाठी त्याला लुडम डेअर लागतं. २००२पासून चालत आलेली ही इंटरनेटवरची स्पर्धा. ठरलेल्या घटकेला एक विषय जाहीर होतो आणि जगभरचे हौशी एकदम कामाला लागतात. कडक प्रकारात ४८ तास, एकट्याने, प्रोग्रॅम, चित्रं, संगीत सगळं तेवढ्यातच केलेलं. सैल प्रकारात ७२ तास आणि मदतीला मित्र चालतात. २०१३च्या ऑगस्टमध्ये विषय होता '१० सेकंद'. एवढंच. यातून काय काढायचं ते ज्याचं त्याने काढायचं.

त्या शनिवारी घरात सुतक असल्यासारखी शांतता असते. दार बंद. बायको भेळ आत सरकवते. दुपारपर्यंत कल्पना, रात्री उशिरापर्यंत प्रोग्रॅम, आणि रविवारी पहाटे आवाज. त्यासाठी एसएफएक्सआर नावाची चिमुकली सोय आहे. २००७ साली एका भल्या माणसाने याच स्पर्धेतल्या घाईत असलेल्यांसाठी ती करून दिली. एक बटण दाबलं की नाणं उचलल्याचा आवाज, दुसरं दाबलं की उडीचा, तिसरं दाबलं की स्फोटाचा, आणि दर वेळी नवा. हा पहाटे तीनला 'टुइंग' निवडायला बसतो. टुइंग. टुईंग. ट्युंग. आतल्या खोलीतून मामी ओरडते, "अगं, कुकर बंद कर!"

सोमवारी तो तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जातो. गेम पाच मिनिटांचा, लंगडा, एका जागी भिंतीत अडकणारा. पण त्याला आरंभ आहे, शेवट आहे, आणि 'खेळा' दाबलं की खेळता येतं. वंशावळीला वेळच नसतो ना! माझं तर मत आहे, की या माणसाला वर्षाचे बारा महिने न देता नुसते शनिवार-रविवारच द्यावेत.

स्पर्धेला बक्षीस काही नाही. स्पर्धकच एकमेकांचे गेम खेळतात आणि गुण देतात. क्रमांकात यायला वीसेक जणांचे गुण मिळावे लागतात, आणि तुम्ही दुसऱ्यांचे जितके खेळाल तितका तुमचा गेम लोकांच्या नजरेस पडतो. म्हणजे थेट आपलं कविसंमेलन: श्रोते सगळे कवीच, आणि स्वतःची कविता ऐकवायची तर आधी दुसऱ्यांच्या निमूट ऐकाव्या लागतात. फरक एवढाच, की इथे मान डोलावून भागत नाही, खरोखर खेळावं लागतं. पुढचे तीन आठवडे हा रोज रात्री कोणा पोलंडच्या विद्यार्थ्याचा, कोणा ब्राझीलच्या बाईंचा गेम खेळतो.

आणि अभिप्रायाची भाषा काय वर्णावी! कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. 'कल्पना रंजक आहे' म्हणजे खेळता आलं नाही. 'एक वेगळाच अनुभव' म्हणजे मध्येच बंद पडलं. 'हे आणखी वाढवायला हवं' म्हणजे सुरू झालं तोच संपलं. 'संगीत मनात घोळत राहिलं' म्हणजे आवाज बंद करायची सोय सापडली नाही. लग्नात व्याह्यांच्या पंगतीतही इतकं जपून कोणी बोलत नसेल. पण मधूनच एखादा, 'तिसऱ्या पायरीवर तुमची उडी अर्धवट राहते, तिथे छत एका चौकोनाने वर घ्या,' असं लिहून जातो. ते वाक्य हा आठवडाभर सांगत फिरतो. फिनलंडच्या एका गड्याच्या मांजराचं पोट बिघडल्याचं त्याला माहीत असतं. समोरच्या फ्लॅटमधले काका रिटायर होऊन वर्ष झालं, हे त्याला मी सांगितलं.

पैशाचं विचाराल तर तो विषय घरात काढायचा नाही. इच डॉट आयओ नावाच्या बाजारात गेम फुकट ठेवता येतो किंवा 'मर्जीला येईल ते द्या' असंही म्हणता येतं. एकदा कोणाच्या तरी मर्जीला दोन डॉलर आले. याने सोसायटीत पेढे वाटले, साडेसहाशे रुपयांचे. मोठ्या बाजारात, म्हणजे स्टीमवर, दर गेममागे आधी १०० डॉलर भरावे लागतात. हजार डॉलरचा माल खपला तर ते परत मिळतात. हे शंभर डॉलर त्याने शिवकालीन गेमसाठी वेगळे काढून ठेवले आहेत. बँकेत त्यावर व्याज मिळतं, आणि या धंद्यातली आजवरची तेवढीच खात्रीची मिळकत.

कोणी टोकलंच, तर त्याच्याकडे एरिक बरोनची कथा तयार असते. अमेरिकेतला हा गडी नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं काम करत करत चारेक वर्षं एकट्याने शेतीचा एक गेम बनवत बसला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २०१६ साली 'स्टारड्यू व्हॅली' आला आणि जगभर लाखोंनी खपला. परदेशाचं काय सांगतोस म्हटलं, तर २०२० साली आलेल्या 'राजी'चं नाव घेतो. तो तर इथला, पुण्यातल्या मंडळींचा. बायको सगळं ऐकून घेते. तिचं म्हणणं एवढंच असतं: "हो, पण त्यांनी घोडा चालवला असेल ना आधी?"

तुमच्याही घरात, सोसायटीत किंवा ऑफिसात असा एखादा निघेल. तो फोन पुढे करून म्हणेल, बघ ना जरा. तेव्हा पडद्यावर नजर टाकून 'छान आहे' म्हणू नका. त्याला ते शिवीसारखं लागतं. फोन हातात घ्या, पडा, पुन्हा पडा, आणि नेमकं कुठे पडलात ते सांगा. चहा मात्र आधी पिऊन घ्या.