फुकट नको, पावती द्या

पुण्यात पाळलेल्या कुत्र्याच्या कानात एक गोचीड सापडला की घरात आणीबाणी जाहीर होते. फोनवर वेळ ठरते, एप्रनवाला मुलगा घरी येतो, औषधी शाम्पू लावतो, नखंही कापून देतो. बिलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मुळशी-मावळातला दोन गायींचा मालक मात्र ‘पैसे घ्या, पण वेळेवर या’ म्हणाला, की सगळ्यांना त्याच्या गरिबीचा उमाळा येतो. शेतकऱ्याकडून पैसे? छे! त्याला मोफतच द्यायचं. कधी, ते विचारू नका.

गोचिडाला हा उमाळा कळत नाही. त्याची मादी हजारो अंडी घालते, तीही गाईच्या अंगावर नव्हे, गोठ्याच्या भेगांत. म्हणून गाईबरोबर गोठाही फवारायचा, भेगा लिंपायच्या आणि काही दिवसांनी पुन्हा यायचं. मोफत उपचारांच्या शिबिराला एवढा वेळ कुठला? तिथं फीत कापतात, फोटो काढतात. गाय घरी परतते, तेव्हा भेगेतली पिल्लं जेवायला बसलेलीच असतात. पुढे ताप, आटलेलं दूध, आणि गोचिडांतून पसरणारा बबेसिया झाला तर कॉफीच्या रंगाची लघवी.

मग मालक दुकानातून गोचीड मारायचं सायपरमेथ्रिन आणतो आणि झाकणानं अंदाजे मोजतो. म्हणजे पैसे तो आजही देतोच, फक्त माणसाऐवजी बाटलीला. चुकीच्या मात्रेला गोचीड सरावतात. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचल्यावर गाईचं दूध किती दिवस विकायचं नाही, हे सांगायला गोठ्यात कुणी नसतं. ते दूध कुठं जातं, हे कोथरूडकरांनी सकाळच्या चहाबरोबर स्वतःला विचारावं.

पैसे घेऊन दारात सेवा देणं ही काही परग्रहावरची कल्पना नव्हे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी केली. तिचे तंत्रज्ञ गोठ्यापर्यंत जाऊन कृत्रिम रेतन करतात आणि शेतकरी त्याचे पैसे मोजतो. गंमत अशी, की रेतनातून जन्मणारी संकरित गाय गोचिडांना देशीपेक्षा जास्त रुचते. जन्म घरपोच, गोचीड घरपोच; औषध तेवढं तालुक्याला!

पशुसंवर्धन आयुक्तालय औंधलाच आहे, लांब नाही. त्यांनी एवढंच करावं: पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम करणारी शिकलेली पोरं, गावच्या डेअरीत लावलेलं दरपत्रक, गोठ्यासकट फवारणी, पुढच्या फेरीची तारीख. आणि पावतीवर शिक्का मारायला विसरू नये.